डोक्याला न लागलेली पट्टी

"हिला राहू द्या. ही संडास धुते. पुढं साहेब लोकांची पाळी आहे, तीच पट्टी त्यांच्या डोक्याला लागणार. लिहा एकशे पंचेचाळीस."

शहरातल्या कोठी भागातल्या आमच्या ऑफिसात आरोग्य तपासणी होती. मी चपला काढून, भिंतीला पाठ लावून उभी होते. सिस्टरनं उंचीची पट्टी खाली आणली. माझ्या केसांपर्यंत आली आणि परत वर गेली. बोलले ते आमचे मॅनेजर. चिक्कडपल्लीत राहणारे, पण मराठीच. एरवी म्हणतात, "या तेलुगू मुलखात आपलं माणूस भेटलं की बरं वाटतं."

मागं कुणीतरी हसलं. मी मान खाली घालून वजनकाट्यावर चढले. अडुसष्ट.

कागद हातात आला. बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन, बत्तीसच्या वर. पुढं लाल शाईत 'अनफिट'. खाली 'मान्य' म्हणून माझ्या सहीची जागा. तीसच्या वरच्यांना नव्या करारात घेणार नव्हते. चौदा वर्षांची नोकरी.

काचीगुड्याला घरी आले. स्वयंपाक केला. जेवले नाही. आई आठवली. मराठवाड्यातल्या आमच्या गावात डॉक्टर तिला दारातूनच बघायचा. नाडी न धरता गोळ्या द्यायचा. शेवटपर्यंत कुणी तिला हात लावून तपासलं नाही. कशानं गेली, अजून माहीत नाही.

मुलीनं कागद पाहिला. "मम्मी, तू इतकी बुटकी कुठं आहेस?" शिलाईची टेप काढली. "टाचा खाली ठेव. चीटिंग नक्को."

एकशे छप्पन्न.

तिनं हिशोब समजावला. उंची मीटरमध्ये घ्यायची, तिला तिनंच गुणायचं. जे येईल त्यानं किलोतल्या वजनाला भागायचं. मी स्वतः मोबाइलवर केलं. तीनदा. अठ्ठावीसला किंचित कमी.

तेही जास्तच. वजन उतरवायला हवं, ते मी बघेन. पण माझे अकरा सेंटीमीटर यांनी कापले. पट्टी बाटू नये म्हणून.

सकाळी कागद मॅनेजरांच्या टेबलावर ठेवला. "सर, पुन्हा मोजा."

"अगं, चार बोटांनी काय फरक पडतो? सही कर. बघू पुढं."

"पट्टी मागवा. सगळ्यांसमोर माझ्या डोक्याला टेकवा. मग तिच्याखाली तुम्ही उभे राहा. तोवर सही नाही."

कागद अजून बिनसहीचा आहे. करार संपायला नऊ दिवस उरलेत. रोज सकाळी, झाडू हातात घ्यायच्या आधी, मी त्यांच्या केबिनसमोर चपला काढते आणि भिंतीला पाठ लावून ताठ उभी राहते.