भर बाजारात म्हशीला मारलेली हाक

ती घटना आजही आठवते, असं निवृत्त फौजदारानं म्हटलं की तुम्ही सरसावून बसणार. मुडदा कुठं सापडला, गोळी कुणी झाडली? जरा दमानं घ्या. माझ्या केसमध्ये म्हैस आहे. माणसांची नावं सांगणार नाही. म्हशीचं सांगतो, चंद्री. ती काही अब्रुनुकसानीचा दावा लावत नाही.

शेवगावच्या बाजूला मी तेव्हा साधा शिपाई होतो. नकला करायचो. साहेबांची शिंक, हवालदारांचं घोरणं, सगळं हुबेहूब. त्यामुळं खरं बोललो तरी लोक हसायचे. हळूहळू मलाच वाटायला लागलं, आपल्या डोक्यातलं सगळं हसण्यावारीच न्यायचं असतं.

एका मावशींची म्हैस कुणीतरी भरदुपारी बांधावरून टेम्पोत घालून नेली. मावशी मागं पळाल्या, पडल्या, पाय मोडला. घरात दुभतं तेवढं एकच. पंचनामा करताना मी सहज विचारलं, "मावशी, धारेला हाक कशी मारता?" प्लास्टरमधला पाय सावरत त्यांनी बादली वाजवून हाक मारून दाखवली.

जनावरांच्या बाजारातल्या चहावाल्याला आम्ही सांगून ठेवलं होतं. चौथ्या दिवशी त्याचा फोन. "कानातला बिल्ला तोडलेली म्हैस हाय. पळत या, टेम्पो लागलाय!"

हवालदार अन् मी फटफटीवर सुटलो. व्यापारी पक्का होता. "पावती हाय माझ्याकडं. आठ दिस झाले घिऊन. धार मीच काढतो."

हवालदारांनी मावशींना फोन लावला, स्पीकर म्हशीच्या कानाशी धरला. मावशी हुंदके देत म्हणाल्या, "चंद्रे, माझे बाय, कुठं हायेस गं!"

म्हैस ढिम्म. रवंथ चालू. बाजार खदाखदा हसला.

"बगा! तिची न्हाईच ही. भरा रे!"

"चल," हवालदार मला म्हणाले, "दुसरी असंल."

मला पटेना. मावशींचं रडणं म्हशीनं कधी ऐकलं होतं? धारेची हाक वेगळी होती. नाकातून, लांबलचक, शेवटी जिभेची टकटक. पण सांगू कुणाला? इकडं टेम्पोला फळी लागली. म्हशीनं पुढचे पाय वर ठेवले. गाडी गेली की म्हैस गेली.

चहावाल्याची बादली उचलली, बडवली आणि वर्दीत, अगदी मावशींच्या आवाजात ओरडलो, "येऽऽ चंद्रेऽऽ! येऽऽ बायऽऽ! टॅक टॅक टॅक!"

कान उभे! म्हैस गर्रकन फिरली, दाव्यासकट व्यापाऱ्याला फरफटत माझ्यापुढं आली आणि उभ्याउभ्या पान्हवली. सडांतून दूध टपकायला लागलं. म्हैस परक्या हाकेला पान्हा सोडत नाही, हे तिथं शेंबड्या पोरालाही ठाऊक.

हवालदार व्यापाऱ्याला म्हणाले, "तूच काढतोस ना धार? बस खाली."

तो बसला. म्हशीनं अशी लाथ घातली की गडी शेणात. "सांगतो सायब, समदं सांगतो!" बांधावरून म्हैस पळवणारा टेम्पोवाला संध्याकाळच्या आत आमच्या ताब्यात.

नोकरीत पुढं मोठे गुन्हे उघडकीला आणले, पण शिकलो त्या दिवशी. चेष्टेत ऐकलेलंही आपण नीट ऐकलेलं असतं. भरवसा आधी येतो आणि मग माणूस पुढं होतो, असं काही नसतं. हाक मारली तेव्हा ती चंद्रीच, याची मलाही खात्री नव्हती.

ठाण्यात साहेबांनी मला धारेवर धरलं. "वर्दीत बायकी आवाज काढतोस? खात्याची लाज घालवलीस! आणि पंचनाम्यात हे काय? 'म्हशीने हाकेस ओ देऊन पान्हा सोडला'? कोर्टात म्हशीला पिंजऱ्यात उभी करू? खोड ते!"

"साहेब, घडलं तसंच लिहिलंय. खोडणार नाही."

"नालायका, मला शिकवतोस? चालता हो!"

मी कडक सलाम ठोकून चालता झालो. ती ओळ मात्र साहेबांनीही खोडली नाही.