पंख्यातली तपकीर

बाबा गेले, पण त्यांनी टाइप केलेल्या आठवणी त्यांच्या जुन्या कॉम्प्युटरमध्ये राहिल्या. म्हणून मी मॉनिटर छातीशी कवटाळून भाईंदर पूर्वेच्या एका दुरुस्तीवाल्याकडे गेलो. त्याने चष्मा कपाळावर चढवला.

"काका, हा नुसता पडदा. डबा कुठाय?"

डबा मी सकाळीच भंगारात दिला होता!

त्याने दुकानाचं शटर ओढलं. "बसा स्कूटरवर."

भंगारवाल्याकडे तसलेच आठ डबे होते.

"तुमच्या डब्यात प्रोसेसर कुठला? रॅम किती?" दुरुस्तीवाल्याने विचारलं.

"पांढरा होता. म्हणजे, आता पिवळट."

तो हसला नाही. "बरं, बाबांना सवय कसली होती?"

"तपकिरीची."

मग तो एकेक डबा उघडून आतल्या पंख्याला नाक लावत गेला. पाचव्यापाशी थांबला. "पेंटियम फोर, हार्ड डिस्क चाळीस जीबी, आणि तपकीर."

खात्री करायला मी वाकलो, आणि बाबा शेजारी बसले की यायची तशी सणसणीत शिंक आली.