लसणीची पाकळी पांढरीच राहिली

गोदावहिनी गेल्याचं मला रेवसहून बोटीने आलेल्या एका गाववाल्याने सांगितलं. तापाचं निमित्त झालं, म्हणाला. मुंबईच्या गोदीतलं काम टाकून घरी पोहोचलो, तोवर सगळं आटोपलं होतं. आता महिना उलटला, तरी मन मानत नाही...

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. चौलच्या पलीकडे, डोंगराच्या पायथ्याशी आमची भातशेती. पावसाळ्यात होड्या किनाऱ्याला लागल्या, घरातली सुकी मासळीही सरली, की अंगात ताकद राहायला रानातली अळंबीच असायची. ती आणायची आई. एका वर्षी तिने बांधावरची पांढरीशुभ्र अळंबी खुडून आणली. शिजताना लसणीची पाकळी टाकायची, काळी पडली तर अळंबी विषारी, ही तिची जुनी पारख. पाकळी पांढरीच राहिली. आम्ही सगळे जेवलो, सगळे ओकून आडवे झालो आणि हळूहळू उठलो. वहिनींची लहानगी चंद्री मात्र उठली नाही...

आईने चुलीपाशी जाणंच सोडलं. बोलेना, धड जेवेना. गावातल्या बायका नको ते बोलल्या. वहिनी गोठ्यात जाऊन रडायच्या, पण सासूला एका शब्दाने दुखावलं नाही. पुढच्या श्रावणात त्यांनीच आईचा हात धरला.

"आत्या, चला. वारुळावरची अळंबी दावा मना."

"माज्या हातानं पोर गेली गो," आई म्हणाली.

"तुमच्या हातानं न्हाय, त्या पाकळीच्या भरवशानं गेली. आता वळखीची हाय तीच घेऊ. बाकीची ऱ्हाऊ दे रानात."

दोघी गेल्या. वारुळावरच्या अळंबीचं मूळ लांबलचक, थेट वारुळाच्या पोटात शिरलेलं. वहिनी माती उकरून ते बघत. देठाला कडं दिसलं, बुडाशी पिशवी दिसली किंवा नुसती शंका आली, तरी हात लावत नसत. त्या दिवशी आईने भाजी रांधली, वाढली आणि भिंतीला टेकून डोळे मिटून बसली. वहिनींनी पहिला घास घेतला. मग आईला जवळ ओढून आपल्याच ताटावर बसवलं. तेव्हापासून सासूसुना एकाच ताटात जेवत.

परवा मी मुंबईला निघण्याआधी आई जेवायला बसली होती. तिने आपल्या बाजूचा भात संपवला आणि पलीकडचा न मोडता हात धुतला.