गांगुर्डेंच्या परसातली खेळपट्टी

आमच्या जेलरोडच्या कॉलनीत क्रिकेटमधलं सगळ्यात जास्त दिनेश गांगुर्डेंना कळतं. हे आम्हाला त्यांनीच सांगितलंय. नोट प्रेसमधून निवृत्त झाल्यापासून ते टीव्हीसमोर बसून भारतीय संघाला मार्गदर्शन करतात. संघ ऐकत नाही म्हणून हरतो. जिंकला तर ऐकलं असणार. त्यांनी स्वतः बॅट शेवटची कधी धरली होती, हे कुणी विचारलं नाही. एवढ्या मोठ्या माणसाला असलं विचारायचं नसतं.

गेल्या हिवाळ्यात गंगापूर रोडला एका मित्राच्या बंगल्यामागे त्यांनी कृत्रिम गवताचं मैदान पाहिलं. झालं. घरी आल्या आल्या त्यांनी जाहीर केलं, "आपल्याही परसात टर्फ टाकायचं."

मंजुषाताई चहा गाळत होत्या. "मागे अळू आहे," त्या म्हणाल्या.

"अळूला काय भविष्य आहे?"

"आणि लिंबाचं झाड?"

"लिंबं बाजारात मिळतात, मंजू. टॅलेंट मिळत नाही."

कुणाचं टॅलेंट, याचा त्यांनी खुलासा केला नाही.

सातपूरहून नाथा नावाचा ठेकेदार टेप घेऊन आला. जागा बेताचीच. घराच्या मागच्या भिंतीपासून कंपाउंडपर्यंत एक आखूड खेळपट्टी कशीबशी बसत होती, आणि बॉलरला धावायला सुरुवात करायची तर ती धुण्याच्या दगडाला टेकूनच. "साहेब, नुसतं लॉन करू का? शोभेला?" नाथानं विचारून पाहिलं.

"तुम्ही टर्फ टाका. खेळ आमच्यावर सोडा."

मग अळू गेलं, लिंबू गेलं. माती खणली, खडी आणि कच टाकून रोलर फिरवला. हिरव्या गालिच्याच्या गुंडाळ्या टेम्पोतून उतरल्या तेव्हा अख्खी गल्ली दारात उभी होती. तुकडे गोंदानं जोडले, गवतात बारीक वाळू झाडूनं भरली, वर रबराचे काळे दाणे पसरले आणि चारी बाजूंनी नायलॉनची जाळी चढली. ते दाणे पुढे गांगुर्डेंच्या घरात कुठेही सापडू लागले. मोज्यात, उशीखाली, एकदा तर पोह्यांत. गांगुर्डेंनी तो मोहरी समजून चावला आणि गप्प बसले. बोलले असते तर अळूचा विषय निघाला असता.

उद्घाटन एप्रिलमधल्या एका दुपारी ठेवलं. नव्या गालिच्यावर चपला नकोत म्हणून सगळ्यांना अनवाणी बोलावलं. प्लास्टिकचं गवत तव्यासारखं तापलेलं. पाहुणे या पायावरून त्या पायावर उड्या मारत होते. लांबून बघणाऱ्याला वाटलं असतं, खेळ अगदी रंगात आलाय. शेवटी चपला घालायची परवानगी मिळाली.

गांगुर्डे पांढरा शर्ट, पांढरी पँट आणि दोन्ही पायांना पॅड अशा थाटात क्रीजवर आले. पहिला चेंडू मानाचा, तो घरच्या बाईनं टाकायचा होता.

"मंजू, घाबरू नकोस," ते म्हणाले. "नुसता हळू सोड. मी सांभाळून घेतो."

मंजुषाताईंनी पदर खोचला. चेंडू बोटांत एकदा फिरवून पाहिला आणि धुण्याच्या दगडापासून दोन पावलं टाकून सोडला. तो लेगच्या बाहेर पडला, वळला आणि ऑफ स्टंप घेऊन गेला.

"नो बॉल," गांगुर्डे म्हणाले.

दुसराही तसाच गेला. तो म्हणे गालिच्याच्या जोडावर पडला होता. तिसऱ्याला कारण सापडेना, म्हणून ते बराच वेळ खाली वाकून पॅडचा पट्टा आवळत राहिले.

शेजारच्या शकुबाईंनी तोंडावर हात ठेवला. "अगं मंजुषा, हे कुठं शिकलीस?"

"ओझरला. वडील विमानाच्या कारखान्यात होते ना. कॉलनीत मैदान मोठं आणि भावांना बॉलर कमी पडायचा. लग्न होईपर्यंत रोज टाकायचे मी."

"आणि लग्नानंतर?"

"लग्नानंतर शिकवायला हे होते की."

खरंच होते. लेगब्रेक म्हणजे काय, हे गांगुर्डेंनी बायकोला सोफ्यावर बसून कितीदा तरी समजावलं होतं, कधी कधी लिंबू हातात धरून. त्या "हो का?" म्हणायच्या आणि लिंबू परत घेऊन जायच्या.

त्यानंतर संध्याकाळी परसात बायका जमू लागल्या. आधी शकुबाई एकट्या आल्या, मग आमच्याही घरातून एक जण गेली. साड्यांचे पंजाबी ड्रेस झाले, ड्रेसच्या ट्रॅकपँट. मंजुषाताई एकेकीचं मनगट धरून शिकवायच्या. ज्या माणसानं हे क्रीडासंकुल उभारलं, तो मागच्या पायरीवर खुर्ची टाकून सूचना करायचा. एक दिवस शकुबाई म्हणाल्या, "भाऊजी, तेवढा बॉल द्या ना इकडे." गांगुर्डेंनी बॉल दिला, घरात गेले, आणि आठवडाभर मागचं दार उघडलं नाही. टीव्हीचा आवाज मात्र मोठा असायचा.

मग एका सकाळी मी गच्चीवर झाडांना पाणी घालत होतो, तेव्हा खाली दोघंच दिसली. गांगुर्डे लुंगीवर, हातात बॅट, पॅड नाहीत.

"टाक. खराखुरा टाक."

"नक्की ना?"

स्टंप पडला. त्यांनी स्वतःच उचलून ठोकळ्यात बसवला आणि तिथेच उभे राहिले. "मंजू, हा कळायचा कसा गं?"

मंजुषाताई चेंडू घेऊन चालत त्यांच्याजवळ आल्या. बोटं दाखवली, मनगट हळू वळवून दाखवलं. "माझ्या तोंडाकडे बघू नका. इथं बघा."

"तोंडाकडे बघायची सवय नाहीच मला," ते म्हणाले. मग आपण काय बोललो ते कळून घाईनं त्यांच्या बोटांकडे बघू लागले. त्या हसल्या आणि परत जागेवर गेल्या.

पुढचा चेंडू बॅटच्या कडेला लागून जाळीत गेला.

"लागला!" गांगुर्डे एवढ्यानं ओरडले की समोरच्या खिडकीत कुणीतरी डोकावलं.

"स्लिपला कॅच आहे तो. आउट."

"आपल्या परसात स्लिपला जागाच नाही," गांगुर्डे म्हणाले, लुंगी वर खोचली आणि पुन्हा बॅट टेकवून उभे राहिले.