सुजाताचं ‘भेव’

सुजाता गेल्याचं काकांनीच फोनवर सांगितलं. “सुजी गेली रे,” एवढंच... आजारपण ठाऊक होतं, तरी लातूरहून नांदेडला निघताना मी तिनं वाचायला दिलेलं पुस्तक पिशवीत घातलं. परत करायला! अशा वेळी माणसाला काय सुचेल याचा नेम नाही.

सुजाता माझी चुलत बहीण. उमरीला सरकारी नोकरी, नांदेडात वडिलांसोबत घर आणि रविवारी दुपारी पॉडकास्ट. नाव ‘भेव’. भयपटांविषयीची पुस्तकं, दुसऱ्यांचे पॉडकास्ट, कोणतं आधी घ्यावं, कोणतं सोडलं तरी चालेल, हे ती आपल्या बोलीत सांगायची. पडलेल्या सिनेमांवर तिचा फार जीव; त्यांतल्या काहींना ती ‘कल्ट’ म्हणायची. “कल्ट म्हणजे काय गं?” असं मी विचारलं, तर म्हणाली, “आमच्या बाबांसारखं, दादा. पहिल्यांदा कोणालाच पटत न्हाईत, अन् एकदा पटले की सोडवत न्हाई.” तिचा पहिला श्रोता मी, आणि बहुधा सगळ्यांत भित्राही. भुतांचा मेकअप कसा करतात यावरचं तिनं दिलेलं ते पुस्तक मी भर दुपारी, दार सताड उघडं ठेवून वाचत होतो. शेजारीण साखर मागायला आली आणि मी असा ओरडलो की बाई साखर न घेताच गेली. सुजातानं हा किस्सा माझ्या नावानिशी जगाला ऐकवला.

तिला स्वतःला भेव होतं ते काकांचं. आमच्या घरानं धम्म घेतला तेव्हा उतारे, अंगारे, अंगात येणं, सगळं एका दिवसात उंबऱ्याबाहेर गेलं. काकांना याचा केवढा अभिमान! आणि त्यांचीच लेक भुतांच्या गोष्टी सांगत बसलेली. पाहुण्यांसमोर ते तिच्या पॉडकास्टचा विषयच निघू देत नसत. एकदा माझ्यादेखत म्हणाले, “दारातून हाकललेली भुतं तू मोबाइलमधून घरात आणून राहिली.”

“भूत न्हाई म्हणून तर मजेनं पाहाता येतं, बाबा. असतं तर मी पळाले नसते का?”

काकांनी पेपर तोंडापुढं धरला. ती हसली, पण चेहरा पडला होता. कितीही लोकांनी ऐकलं तरी तिला पाहिजे असलेला श्रोता त्या पेपरामागं होता.

पुढं तिनं एक भाग केला. पुस्तकं सुचवता सुचवता तिनं विचारलं, सिनेमातलं भूत राहतं कुठं? गावाबाहेर. असतं कोण? गावानं छळलेली बाई, विहिरीवर चढू न दिलेला माणूस. “जित्यापणी ज्याचं ऐकलं न्हाई, त्याला मेल्यावर भूत करतेत. मला भुताचं न्हाई, गावाचं भेव वाटतं.” हा भाग काकांना ऐकवायची छाती मला झाली नाही. मी भुताला भितो, तिथं काका म्हणजे...

नंतरच्या रविवारी नांदेडला गेलो, तर काका कानाला मोबाइल लावून बसलेले. मला वाटलं फोन चालू आहे, म्हणून गप्प राहिलो. आतून ऐकू येत होता तो सुजाताचाच आवाज. भाग संपल्यावर म्हणाले, “आमच्या बापाचंच सांगून राहिली की ही.” मग स्वयंपाकघराकडं वळून मोठ्यानं, “सुजे! पुढचा भाग कधी हाय?”

आत एक भांडं पडलं.

सुजाता गेल्यानंतरच्या पुण्यानुमोदनाच्या विधीला भोकर, किनवटहून पाहुणे आले. थंडी लई होती आणि अंथरूण-पांघरूण कमी पडलं. सुजाताच्या खोलीत रेकॉर्डिंगच्या वेळी आवाज घुमू नये म्हणून चारी भिंतींना वाकळा टांगलेल्या आहेत. भोकरची आत्या त्यातली एक काढायला गेली.

“राहू दे, अक्का,” काका म्हणाले. “ती बोलायची खोली हाय.”

मग दोघा-दोघांत एक चादर घेऊन आम्ही कुडकुडलो, पण भिंतीवरची एकही वाकळ कोणी उतरवली नाही.