जासईच्या काकांची लाट

मी सीटी टेक्निशियन आहे. माणूस आतून कसा दिसतो ते रोज बघते आणि आत भूत कधी सापडलेलं नाही... असं मी ऐरोलीच्या आमच्या सोसायटीत सगळ्यांना ऐकवायचे. सासूबाई दृष्ट काढायला बसल्या की मला हसू यायचं. आता गुपचूप बसते.

नवी मुंबईतल्या आमच्या हॉस्पिटलात फुप्फुसाच्या कॅन्सरचे पेशंट रेडिएशनआधी माझ्याकडे येतात. श्वास रोखायचा नाही, नेहमीसारखा घेत राहायचा — तसाच स्कॅन काढतो. पोटावर प्लास्टिकचा छोटा डबा ठेवतो. तो वर-खाली होतो, कॅमेरा ते टिपतो आणि बाहेर मॉनिटरवर श्वासाची लाट उमटते. स्कॅन आणि लाट जुळवून फुप्फुसात हवा कुठे नीट खेळते त्याचा नकाशा बनतो. तो भाग वाचवून किरण द्यायचे. लाट वेडीवाकडी आली तर सगळं वाया.

जासई गावाहून एक काका आले होते. त्यांची लाट म्हणजे नुसती ओढाताण. दोनदा स्कॅन फुकट गेला. डॉक्टर म्हणाले, "एकदा अजून बघ. नकाशा नाही मिळाला तर एवढा डोस द्यायची रिस्क मी नाही घेणार." म्हणजे ट्रीटमेंटच थांबणार, हे मला कळलं, आणि दाराशी उभ्या असलेल्या त्यांच्या बायकोला, काकूंनाही.

"मना आत येव दे गं बाय," काकू म्हणाल्या. "दम लागला का मी पोटावर हात ठेवतंय, मंग माज्याबरोबर घेतो तो श्वास. रोजचाच हाय आमचा."

"काकू, आत रेडिएशन असतं. नाही चालत."

"बरा. मंग हितूनच घेतंय."

त्या बाहेरच्या बाकावर डोळे मिटून बसल्या, हात मांडीवर पालथा ठेवून.

तिसऱ्या वेळी लाट आली ती एकदम संथ, एकसारखी. मला इतका आनंद झाला की विचारू नका! काकांना व्हीलचेअरवर बसवून काकूंजवळ सोडलं. त्या गडबडीत डबा टेबलावरच राहिला.

परत येऊन बघते तर मॉनिटरवर लाट चालूच. काचेपलीकडे टेबल रिकामं, डबा जागच्या जागी, जराही हलत नव्हता. आणि स्क्रीनवर मात्र वर... खाली... वर...

दार उघडंच होतं. बाहेर काका धापा टाकत होते. काकू अजून तशाच, डोळे मिटून. त्यांचा पदर वर गेला की लाट वर, खाली आला की खाली.

"काकू... झालं हो," मी कशीबशी म्हणाले. त्यांनी डोळे उघडले आणि लाट सपाट झाली.

इंजिनिअरने कॅमेरा तपासला — "एकदम ओके, मॅडम." डॉक्टरांनाही सांगितलं. त्यांनी नकाशा पुन्हा बघितला. फुप्फुस काकांचं, गाठ काकांची, कुठे काही चूक नाही. ट्रीटमेंट पार पडली.

काही महिन्यांनी काका परत स्कॅनला आले. सोबत मुलगी. काकू कुठे आहेत विचारलं.

"आई गेली," ती म्हणाली. "झोपेतच."

मला फार वाईट वाटलं. आणि खरं सांगते, आता यांची लाट कोण सांभाळणार हेही मनात आलं. डबा ठेवला, बाहेर आले, मॉनिटरकडे बघितलं. तीच लाट. संथ, एकसारखी.

स्कॅन संपला. या वेळी विसरायचं नाही म्हणून आधी डबा उचलायला हात पुढे केला, तर काका हळूच म्हणाले, "जरा थांब गं पोरी. तिला आदी हात काडू दे."

मी थांबले. कशासाठी, ते मला आजही सांगता येत नाही.