लोहाऱ्यात रोज हरवणारी उर्दू

"मॅडम, उर्दू गेली."

लोहाऱ्याहून दत्ताभाऊंचा फोन होता. दत्ताभाऊ तिथल्या एका छोट्या वाचनालयाचे सचिव. त्यांचं बियाणांचं दुकान आहे, पण फोनवर निम्मं बोलणं वाचनालयाचंच असतं.

"कुठं गेली?"

"ते आता तुमी सांगायचं. काल होती. सकाळी कॉम्प्युटर चालू केला तर न्हाय. मराठी बी गेली."

"मराठी पण नाही?"

"मराठी हाय. पण सुमनताईंची न्हाय. तुमची हाय."

हे 'तुमची हाय' मी तेव्हा नीट ऐकलं असतं, तर पुढचा सगळा खटाटोप वाचला असता. पण फोनवर गिऱ्हाईक काय म्हणतं त्यातलं निम्मं सोडून द्यायची आमच्या धंद्यात सवय लागते.

मी धाराशिवमध्ये कॉम्प्युटर दुरुस्तीचं आणि देखभालीचं काम करते. शाळा, ग्रामपंचायती, दवाखाने अशी माझी गिऱ्हाइकं. लोहाऱ्याच्या वाचनालयाला एका शाळेनं जुना कॉम्प्युटर देऊन टाकला होता. त्याच्यात जीव कमी होता म्हणून मी त्यावर लिनक्स टाकून दिलं. लिनक्स ही फुकट मिळणारी सिस्टीम आहे. म्हाताऱ्या मशीनवरही ती बरी चालते.

त्या कॉम्प्युटरवर बसणारी माणसं दोनच. एक सुमनताई माने. सरकारी कचेरीत टायपिस्ट म्हणून निवृत्त झालेल्या. मराठी टाइपरायटरवर त्यांचा हात असा बसलेला की त्या बटणांकडं बघतसुद्धा नाहीत. दुसरे शेख मास्टरसाब. उर्दू शाळेचे निवृत्त हेडमास्तर. वाचनालयात निजामाच्या काळातल्या उर्दू पुस्तकांचं एक कपाट आहे. मास्टरसाब सोडले तर ते कपाट वाचू शकणारं माणूस तिथं कुणी नाही. म्हणून दोघांनी मिळून त्याची यादी करायला घेतली होती. मास्टरसाब पुस्तकाचं नाव उर्दूत टाइप करायचे. मग खुर्ची बदलायची. सुमनताई शेजारच्या रकान्यात त्याचा मराठी अर्थ टाइप करायच्या. मग चहा. एका सकाळी पाच-सहा पुस्तकं व्हायची.

आता इथं थोडं कीबोर्डबद्दल सांगायला हवं. बटणावर जे अक्षर छापलेलं असतं ते आपल्या समाधानासाठी. बटण दाबलं की मशीनकडं फक्त एक नंबर जातो. त्या नंबराला कोणतं अक्षर द्यायचं हे एक तक्ता ठरवतो. त्या तक्त्याला लेआउट म्हणतात. उर्दूचा लेआउट वेगळा, इंग्रजीचा वेगळा. मराठीचे तर एकापेक्षा जास्त आहेत. जुन्या टाइपरायटरचा एक आणि सरकारनं ठरवून दिलेला इनस्क्रिप्ट हा दुसरा. सुमनताईंच्या बोटांना टाइपरायटरचाच कळतो. त्यांना इनस्क्रिप्टवर बसवलं तर 'पुस्तक' लिहायला जातात आणि भलतंच काहीतरी उमटतं.

पहिल्या खेपेला मी हे सगळं नीट लावून दिलं होतं. माझ्या पेनड्राइव्हवर सेटिंगचं एक तयार फोल्डर असतं. शाळा-ग्रामपंचायतींसाठी केलेलं. त्यात इंग्रजी आणि इनस्क्रिप्ट असतं. ते मशीनवर कॉपी केलं. मग या दोघांच्या सांगण्यावरून यादीत उर्दू आणि टाइपरायटरची मराठी घातली. दोघांनी टाइप करून बघितलं. छान चाललं. मी निघाले.

आणि आठवड्यात दत्ताभाऊंचा हा फोन.

दुसऱ्या खेपेला गेले. यादी उघडली. उर्दू नव्हती, टाइपरायटरची मराठी नव्हती. दोन्ही परत घातल्या. चालल्या. परत गेल्या तर कशा घालायच्या तेही कागदावर लिहून दिलं. मग हात झटकत म्हटलं, "कुणीतरी यादीतून काढतंय."

सुमनताई म्हणाल्या, "पण याच्यावर आम्ही दोघंच बसतो."

"मग दोघांपैकी कुणाचा तरी हात लागत असेल. मशीन आपोआप असं करत नाही."

एसटीला वीस मिनिटं उरली की आम्ही लोक ज्या आवाजात बोलतो, त्या आवाजात मी हे बोलले. खात्रीचा आवाज. मास्टरसाबांनी सुमनताईंकडं बघितलं. सुमनताईंनी मास्टरसाबांकडं. दोघंही अगदी सभ्यपणे. मी पिशवी उचलली. चारची गाडी मिळाली म्हणून खूश होते.

पंधरा दिवसांनी पुन्हा फोन.

"मॅडम, उर्दू परत गेली. आन् आता मास्टरसाब बी गेले."

मी हातातलं काम खाली ठेवलं. "कधी?"

"आठ दिस झाले."

"अहो, मला कळवायचं तरी. काय झालं होतं?"

"काय व्हायचंय? घरी गेले म्हन्तो मी. येत न्हाईत वाचनालयात."

श्वास जागेवर आल्यावर मी सगळं विचारून घेतलं. मी येऊन गेल्यावर सुमनताईंनी आपली वेळ बदलली होती. मास्टरसाब सकाळी, त्या दुपारी. कॉम्प्युटर एरवी चालूच ठेवायचे, पण आता रोज मध्येच लाइट जायची आणि तो बंद व्हायचा. चालू केला की दोघांच्याही भाषा गायब. ज्याची पाळी असेल तो कागद बघून आपली तेवढी भाषा घालून घ्यायचा. असं चार-पाच दिवस चाललं. मग एका सकाळी मास्टरसाब दत्ताभाऊंच्या दुकानावर आले आणि म्हणाले, "आमची जबान नको असेल तर तोंडावर सांगा. रोज गुपचूप काढू नका." तेव्हापासून आले नाहीत.

"सुमनताईंना कळलं का हे?"

"कळलं. म्या सांगितलं न्हाय, पर लोहाऱ्यात सांगावं लागत न्हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं मी लोहाऱ्याला गेले.

या वेळी जरा अक्कल वापरली. दोन्ही भाषा घातल्या आणि मशीन स्वतः बंद करून परत चालू केलं. हे मी पहिल्या खेपेला करायला हवं होतं. दुसऱ्या खेपेला तर नक्कीच. सुमनताई शेजारच्या खुर्चीत बसल्या होत्या. दोन्ही हात मांडीवर.

"माझे हात इथं आहेत बरं का," त्या म्हणाल्या.

मशीन चालू झालं. उर्दू नाही. टाइपरायटर नाही. इंग्रजी आणि इनस्क्रिप्ट तेवढे शहाण्यासारखे बसलेले.

"आता कुणाचा हात लागला?" सुमनताईंनी विचारलं.

"कुणाचाच नाही."

मग मी सेटिंगची फाइल शोधली. आपण निवडलेल्या भाषा सिस्टीम एका फाइलमध्ये लिहून ठेवते आणि मशीन चालू झालं की तिथून वाचते. त्या फाइलची माहिती उघडली. मालकाच्या जागी लिहिलं होतं, रूट.

रूट म्हणजे काय ते सांगते. लिनक्समध्ये प्रत्येक फाइलला मालक असतो. वाचनालयाच्या मशीनवर रोज जे नाव वापरून काम चालतं ते 'वाचनालय'. आणि सगळ्यांच्या वर एक रूट असतो. त्याला काहीही करायची मुभा असते. पहिल्या दिवशी माझं ते फोल्डर कॉपी करताना मशीन परवानगी नाही म्हणून अडवत होतं. फोल्डर चुकीच्या ठिकाणी टाकत होते की काय, ते थांबून बघायचं सोडून मी रूट होऊन कॉपी केलं. रूटनं कॉपी केलेली गोष्ट रूटच्या मालकीची होते. म्हणजे 'वाचनालय' ती फाइल वाचू शकत होतं, तिच्यात लिहू शकत नव्हतं. या दोघांनी दिवसभर घातलेल्या भाषा मशीनच्या डोक्यात राहायच्या. लाइट गेली की पुसल्या जायच्या. आणि चालू झालं की फाइलमध्ये जे होतं तेच परत यायचं. माझं शाळा-ग्रामपंचायतीचं सेटिंग.

फाइलवर तारीखही होती. माझ्या पहिल्या खेपेची.

'फाइल लिहिता येत नाही' अशी तक्रार मशीन रोज करत होतं, पण ती एका नोंदीत जाते. ती नोंद कुणी वाचत नाही. जिनं वाचायची ती मी.

एका ओळीची कमांड देऊन मालक बदलला. बंद केलं, चालू केलं. दोन्ही भाषा जागेवर. परत बंद, परत चालू. जागेवर.

तेवढ्यात दत्ताभाऊ दुकान सोडून आले. त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी जरा विचार केला.

"मंग मास्टरसाबास्नी सांगू की, अपडेटमुळं झालं."

हे त्यांना मीच शिकवलं होतं. मागं प्रिंटर बिघडला तेव्हा मी असंच अपडेटवर ढकललं होतं. अपडेट उलट बोलत नाही. त्यामुळं आमच्या धंद्यात त्याचा फार आधार. खरं सांगते, मला मोह झाला. एक वाक्य बोलायचं होतं, आणि ते सगळ्यांना पटलं असतं.

सुमनताई म्हणाल्या, "त्यांना नाही पटायचं. त्यांना वाटेल आपण झाकतोय. कुणी केलं ते सांगावं लागेल."

"मीच केलं, ताई."

"मग चला."

मास्टरसाबांचं घर दोन गल्ल्या पलीकडं. ते ओट्यावर खुर्ची टाकून पेपर वाचत होते. आम्हाला बघून उठले, बसायला सांगितलं, आत चहाचं सांगितलं. त्यांच्या अदबीत काही कमी नव्हतं, पण सुमनताईंकडं बघत नव्हते. मी उभ्यानंच सगळं सांगून टाकलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. गृहपाठ का केला नाही हे सांगणाऱ्या पोरीचं ऐकावं तसं.

"हा रूट कोण?"

"मीच, सर. म्हणजे त्या दिवशी मी रूट होऊन काम केलं."

"म्हणजे तुम्ही मालक झालात आणि तुम्हालाच खबर नाही."

"हो."

"पहिल्या दिवशी बंद करून परत चालू केलं नव्हतं?"

"नाही."

"दुसऱ्या खेपेला?"

"नाही."

"का?"

"गाडीची घाई होती."

त्यांनी मान हलवली. तीस वर्षं मुलांकडून हेच ऐकलं असावं. मग पहिल्यांदा सुमनताईंकडं वळले.

"बाई, मी दत्ताजवळ काही बोललो. तुमच्या कानावर आलं असेल."

"आलं."

"ते तुमच्यासाठी नव्हतं."

"मग कुणासाठी होतं? आपण दोघंच तर बसत होतो."

मास्टरसाबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "गलती झाली. पण तुम्हीही वेळ बदललीत. मला न सांगता. मग माणसानं काय समजायचं?"

सुमनताईंनी स्वतःच्या बोटांकडं बघितलं. मग म्हणाल्या, "मॅडम म्हणाल्या ना, कुणाचा तरी हात लागतोय. मला वाटलं माझाच. वय झालं. बोटं आता ऐकेनाशी झाली असतील. तुमच्यासमोर परत चूक व्हायला नको म्हणून दुपारी यायला लागले."

मला वाटत होतं की त्या दोघांनी एकमेकांवर संशय घेतला. सुमनताईंचं तसं नव्हतंच. उभ्या आयुष्यात बटणांकडं न बघणारी बाई माझ्या एका वाक्यावर स्वतःच्या बोटांवर संशय घेऊन बसली होती. आणि ते वाक्य मी विचार करून बोललेसुद्धा नव्हते. मी ओट्याच्या पायरीवर बसले.

"तुमची बोटं?" मास्टरसाब म्हणाले. "तुमच्या बोटांवर भरवसा ठेवून मी उर्दूचा अर्थ सांगत होतो, बाई." मग म्हणाले, "आपण सरळ भांडलो असतो तर बरं झालं असतं. लवकर उजेड पडला असता."

"तुम्ही भांडला असता?"

"नाही," त्यांनी कबूल केलं.

चहा झाला. मास्टरसाब आत जाऊन टोपी घालून आले. "चला. माझ्यासमोर बंद करा आणि चालू करा."

वाचनालयात त्यांनी माझ्याकडून तीन वेळा मशीन बंद-चालू करून घेतलं. प्रत्येक वेळी स्वतः यादीत उर्दू शोधली, मग सुमनताईंची मराठी शोधून त्यांना दाखवली. तिसऱ्यांदा समाधान झालं. मग कपाटातून एक पुस्तक काढलं. कव्हर निघालेलं, घोड्यांच्या आजारांवरचं. नाव टाइप केलं आणि खुर्ची सोडली.

"लिहा, घोड्यांचे इलाज."

"इलाज काय? मराठीत उपचार लिहू."

"उपचारात मालिश येतं का? या पुस्तकात मालिशही आहे."

"येतं की."

"मला नाही वाटत."

दत्ताभाऊ माझ्याकडं झुकून हळूच म्हणाले, "लागले बघा कामाला." घोड्यांचं नाव ठरेपर्यंत त्या दोघांचा पाऊण तास गेला. आम्ही मधे पडलो नाही.

कपाटाची यादी पुढं पूर्ण झाली. छापून भिंतीला लावली आहे, दोन रकान्यांत. घोड्यांच्या पुस्तकापुढं 'उपचार' आहे आणि त्याच्यापुढं पेनानं 'व मालिश'.

मी दोन गोष्टी बदलल्या. 'कुणाचा तरी हात लागत असेल' हे वाक्य आता फाइलचा मालक बघितल्याशिवाय बोलत नाही. आणि काम झालं की निघण्याआधी मशीन एकदा बंद करून चालू करते. त्याला पाच मिनिटं लागतात, मशीन जुनं असेल तर दहा. तेवढा वेळ मी काही न करता स्क्रीनकडं बघत बसते. गिऱ्हाइकाला वाटतं, बाई फार बारकाईनं काम करते.